नाकावालीची चाळीस पावलं

माझं पोट वाफेच्या इंजिनाच्या भट्टीच्या दारातून आत जात नाही, हे मला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी कळलं. कळलं तेव्हा माझं डोकं आणि खांदे भट्टीत होते, बाकीचा मी बाहेर होतो, आणि मागून ऐंशीच्या घरातले रंगनाथ आबा माझे पाय ओढत म्हणत होते, "फिटर, बाहेर या. ह्ये दार माज्या मापाचं हाय."

मी बॉयलर फिटर. वालचंदनगरच्या क्वार्टरमध्ये वाढलो, कारखान्याच्या भोंग्यावर उठलो आणि भोंग्यावर जेवलो, त्यामुळे दुसरं काही होण्याचा प्रश्न आला नाही. चाळीस वर्षं वेगवेगळ्या साखर कारखान्यांच्या बॉयलरवर काढली. आता इंदापुरात राहतो. निवृत्त झालो तरी लोक सोडत नाहीत. डेअरीचा बॉयलर रुसला, लॉन्ड्रीचा गळायला लागला, की फोन येतो, "तात्या, जरा येऊन बघता का?"

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. बॉयलर म्हणजे घरातला कुकरच, फक्त खोलीएवढा. पाणी फुटून बाहेर आलं तर जमीन ओली होते. वाफ फुटून बाहेर आली तर ती पत्रा, विटा आणि माणसं बरोबर घेऊन जाते. म्हणून बॉयलर तपासणाऱ्याचं खरं काम एकच: मालकाला जे ऐकायचं नाही ते वेळेवर सांगणं. इंदापूरच्या बाहेर एका मंगल कार्यालयाच्या मालकानं अंघोळीच्या पाण्यासाठी स्वतःच्या डोक्यानं बॉयलर बनवून घेतला होता. मंगलाष्टकं चालू असताना सेफ्टी व्हॉल्व्ह शिट्टी मारतो, म्हणून त्यानं त्यात लाकडी खुंटी ठोकली. वर मला म्हणाला, "आता कसा गपगुमान हाय बघा." मी आधी वऱ्हाड बाहेर काढलं, मग जाळ बाहेर काढला आणि मग त्याच्याशी बोललो. ते लग्न गार पाण्यावर झालं. नवऱ्या मुलाची आई मला अजून बाजारात दिसली की मान फिरवते.

असं वेळेवर सांगणं मी बहुतेक वेळा केलं. एकदा केलं नाही. तेही या गोष्टीत येणार आहे.

दोन वर्षांपूर्वी उत्तमरावांचा फोन आला. उत्तमराव म्हणजे उजनीच्या फुगवट्याच्या काठावर, पळसदेवच्या अलीकडे, ज्यांनी कृषी पर्यटनाचं मोठं केंद्र उभं केलं ते. हुरडा, बोटिंग, हिवाळ्यात येणारे पक्षी, सगळं त्यांच्याकडे होतं. आता त्यांनी लिलावात एक जुनं वाफेचं इंजिन घेतलं होतं. काठाला समांतर दोनशे मीटर रूळ टाकले होते, एक डबाही आणला होता. उद्घाटनाच्या दिवशी शाळेतली सत्तर मुलं डब्यात बसवून इंजिन खरोखरच्या वाफेवर चालवायचं, असा बेत होता.

"तात्या, तुमी फक्त एक नजर टाका," ते म्हणाले. "बाकी सगळं झालंय. रंगसुद्धा."

मी गेलो आणि खोटं कशाला सांगू, पाहतच राहिलो. आमच्या कारखान्याच्या गल्लीबोळात फिरणारी इंजिनं म्हणजे चाकावरचे पिंप. हे वेगळं होतं. पुढून बंदुकीच्या गोळीसारखं निमुळतं नाक, नाकाच्या टोकाला दिवा, दिव्याभोवती चांदीच्या रंगाचा मुकुट, आणि नाकावर रंगवलेली चांदणी. माणसाच्या उंचीची चाकं. अंगावर सगळीकडे गुळगुळीत पत्रा, कुठे नळी दिसत नाही की बोल्ट दिसत नाही. एके काळी ही इंजिनं प्रवासी गाड्या ताशी साठ मैलांनी ओढायची, आणि वारा कापला जावा म्हणून त्यांना हा पोशाख दिला होता, असं शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं.

"वारं कापतंय म्हनं!" पलीकडून कुणीतरी मोठ्यानं बोललं. "वारं काय कापतंय? आमच्या तोंडावर तर येतच हुतं. पन फलाटावरची मानसं बघत ऱ्हायची, ह्ये खरं."

ते रंगनाथ आबा. काटकुळे, ताठ, डोक्याला पांढरा पटका, नाकावर जाड भिंगांचा चष्मा. पळसदेवचेच. इंजिन आल्याचं कळल्यापासून रोज सकाळी डबा घेऊन चालत यायचे आणि दिवसभर इंजिनाचा एकेक सांधा तेलानं पुसत बसायचे. त्यांना कुणी नेमलं नव्हतं. उत्तमरावांनी त्यांना शब्द दिला होता की उद्घाटनाला इंजिन तेच चालवतील.

दुसऱ्या दिवशी चहाला बसलो तेव्हा त्यांची कहाणी कळली. आबा पोरसवदा असताना दौंडच्या शेडात इंजिनं पुसायला लागले. मग फायरमन झाले. दौंड ते सोलापूर, भिगवण, जेऊर, कुर्डुवाडी करत, या असल्याच नाकाच्या इंजिनांवर त्यांनी बारा वर्षं कोळसा टाकला. शेडातले लोक तिला 'नाकावाली' म्हणत. डाव्या बाजूला फायरमन, उजव्या बाजूला ड्रायव्हर. वाफ सोडायचं हँडल, म्हणजे रेग्युलेटर, ते ड्रायव्हरच्या हातात. आबा ड्रायव्हरची परीक्षा पास झाले. यादीत नाव लागलं. त्यानंतर डोळ्यांची तपासणी झाली आणि लाल-हिरव्यात त्यांची गफलत होते असं निघालं.

"डाक्टरचं काय चुकलं न्हाय," आबा म्हणाले. "शिग्नल दिसाय पायजे. पन मग मला शेडातच ठिवलं. वाळू भरायची, पानी भरायचं. नाकावाली माज्या म्होरनं जायची आन् मी तिला पानी पाजायचो. हँडल काय हाताला लागलं न्हाय, फिटर."

एका कानानं त्यांना ऐकू येत नव्हतं, दुसऱ्यानं अर्धवट. बोलताना ते समोरच्याच्या ओठांकडे पाहत. मला ते 'फिटर' म्हणत, आणि त्यांच्या तोंडी ती पदवी वाटायची.

आता कामाचं सांगतो. इंजिनाची भट्टी म्हणजे पेटीत पेटी. आतल्या पेटीत जाळ, आतल्या आणि बाहेरच्या पेटीच्या मधल्या फटीत पाणी. वाफेचा जोर या दोन्ही पेट्यांना एकमेकींपासून दूर ढकलत असतो. त्यांना धरून ठेवायला बोटाएवढ्या जाड सळ्या आरपार बसवलेल्या असतात. त्यांना स्टे म्हणतात, आणि ते शेकड्यांनी असतात. प्रत्येक स्टेच्या मधून एक बारीक भोक पाडलेलं असतं. स्टे आत तुटला की त्या भोकातून पाणी झिरपतं आणि तो तुटल्याचं कळतं. इतकी साधी आणि हुशार सोय मी दुसऱ्या कुठल्या यंत्रात पाहिली नाही.

हे स्टे बघायचे तर वरचा गुळगुळीत पत्रा उतरवायला हवा होता. उत्तमराव कळवळले. "अहो, कालच पॉलिश केलंय!" मी म्हणालो, पोशाख उतरवल्याशिवाय डॉक्टर छाती तपासत नाही. दोन दिवस लावून आम्ही भट्टीच्या दोन्ही बाजूंचा पत्रा उतरवला.

तपासायची पद्धत जुनी आहे. एक माणूस भट्टीत बसून प्रत्येक स्टेवर लहान हातोडी मारतो, दुसरा बाहेरून त्याच स्टेच्या टोकाला हात लावून उभा राहतो. चांगला स्टे टणकन् वाजतो आणि बाहेरच्या तळव्याला ठोका पोचतो. तुटका थपकन् वाजतो आणि बाहेर काहीच येत नाही. आत मी जाणार होतो. पोटाचं काय झालं ते सुरुवातीला सांगितलंच. तेव्हा आबा पटका काढून, अंग चोरून, सापासारखे त्या दारातून आत गेले. आतून त्यांचा आवाज घुमला, "आपलंच घर हाय ह्ये!"

त्यांना ऐकू येत नाही, म्हणून आम्ही पत्र्यावर ठेवलेल्या हाताला कळतील अशा खुणा ठरवल्या. मी बाहेरून एकदा ठोकलं की पुढचा स्टे, दोनदा ठोकलं की तोच पुन्हा. प्रत्येक स्टेला ते ओरडून निकाल द्यायचे.

"चांगला!" टण्. "चांगला!" टण्. "ह्यो बी चांगला!"

असं तासभर चाललं. मग उजव्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यात आलो आणि थप् असा आवाज आला. माझ्या तळव्याला काही लागलं नाही.

"चांगला!" आबा ओरडले.

मी दोनदा ठोकलं. पुन्हा थप्. आतून थोडा वेळ काहीच नाही. मग, "चांगला हाय! म्होरं चला!"

पुढचा, थप्. "चांगला!" त्याच्या पुढचा, थप्. "चांगला!" आता ते घाईनं ओरडत होते.

मी नखानं त्या स्टेच्या टोकावरचा रंग खरवडला. भोकात रंगाऱ्यांची लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली होती. कुणीतरी इंजिन सुंदर दिसावं म्हणून सगळी भोकं बुजवून वरून रंग मारला होता. त्या माणसानं मुद्दाम वाईट केलं असं मी म्हणणार नाही. त्याला ती भोकं म्हणजे पत्र्यावरचे डाग वाटले असतील. लांबी उकरली तर आत ओला गंज निघाला.

मी भट्टीच्या दाराशी जाऊन आबांना हातानं बाहेर बोलावलं. ते आले, काजळी झटकली, माझ्याकडे न पाहता पायरीवर बसले.

"आबा, तो कोपरा?"

"मला ऐकू येत न्हाय, फिटर. तुमाला म्हाईत हाय."

"कानाचं नाही विचारत. बारा वर्षं हातात फावडं होतं. हाताला काय कळलं?"

 समोर पाण्यावर बगळे उतरत होते. मग त्यांनी उजवा हात उघडून त्याच्याकडे पाहिलं.

"हातुडी परत येत न्हाय," ते म्हणाले. "चांगला आसला की हात आपसूक वर येतो. हितं हातुडी तितंच मरतीया."

"किती आहेत?"

"मोजलं न्हाय." आणि मग एकदम माझ्याकडे वळून, "एक डाव, फिटर. फकस्त एक डाव. निम्म्या प्रेशरवर. शंभर पावलं जाऊ आन् जाळ काढून टाकू. मी बारा वर्सं हिच्या पोटाशी बसलोय. मला काय करनार न्हाय ती."

ऐंशीचा माणूस माझ्याकडे परवानगी मागत होता. मला त्यांच्यावर रागावता आलं नाही, कारण मी त्यांच्याहून मोठा अपराधी होतो. ते मी त्यांना सांगितलं. यापूर्वी हे मी बायको आणि ज्याला ते भोगावं लागलं तो माणूस, या दोघांखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं.

मी तिशीत असताना दुसऱ्या एका जिल्ह्यातल्या कारखान्यात होतो. तो कारखाना आता उरलेला नाही, नाव घेऊन उपयोग नाही. एका सकाळी मला वाफेच्या मुख्य व्हॉल्व्हच्या अंगावर केसाएवढी चीर दिसली. मी फोरमनला दाखवली. तो म्हणाला, सीझन ऐन भरात आहे, चार दिवसांनी बंद पडणारच आहोत तेव्हा बदलू. मला पटलं नव्हतं. पण मी नवा होतो आणि तो चांगला माणूस होता. मी मान हलवली. तिसऱ्या दिवशी दुपारी व्हॉल्व्ह फुटला. खाली बबन नावाचा बॉयलर अटेंडंट उभा होता. तो वाचला. पण त्याचा एक डोळा गेला आणि डाव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटली ती कायमची. चिरेचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पुढे मीच जाऊन सांगितलं. त्यानं मला चहा पाजला. एका शब्दानं बोलला नाही. दिवाळीला मी त्याच्याकडे जातो, आणि प्रत्येक वेळी तो मलाच विचारतो, "तब्येत बरी हाय न्हवं?"

आबा माझ्या ओठांकडे एकटक पाहत होते. मी थांबल्यावर त्यांनी विचारलं, "किती वर्सं झाली?"

"पस्तीस होऊन गेली."

त्यांनी खिशातून खडू काढला. पुन्हा त्या दारातून आत गेले. या वेळी ते ओरडले नाहीत. नुसती हातोडी वाजत होती आणि मध्येच खडूचा आवाज येत होता. बाहेर आले तेव्हा म्हणाले, "चौदा. त्यातलं नऊ एकाच कोपऱ्यात, मांडीला मांडी लावून. पत्राबी आतून जरा फुगलाय." नऊ स्टे एका जागी तुटलेले, म्हणजे तो कोपरा कशाच्याच आधारानं उभा नव्हता.

मी उत्तमरावांना फोन लावायला निघालो, तर आबांनी मला थांबवलं. "मी सांगतो," म्हणाले.

उत्तमराव आले. आबा त्यांच्यासमोर पटका हातात घेऊन उभे राहिले. "मालक, ही गाडी जाळ धरायच्या लायकीची न्हाय."

उत्तमरावांना आधी वाटलं मीच काहीतरी भरवलंय. "आबा, तुमालाच चालवायची होती ना? रोज माझ्या मागं लागला होता तुमी!"

"व्हय. म्हनून मीच सांगतो. दुसऱ्या कुनी सांगितलं तर तुमी म्हनाल, ह्येला काय कळतंय."

उत्तमराव भडकले. निमंत्रणपत्रिका गेल्या होत्या, शाळेला कळवलं होतं, पाहुणे पुण्याहून यायचे होते. जागा माझी, रूळ माझे, तासाभराचा प्रश्न, कोण विचारायला येतंय, असं सगळं बोलून झालं. शेवटी म्हणाले की पुण्याहून चांगला इंजिनिअर आणतो. मी म्हणालो, जरूर आणा. पण दुरुस्तीआधी भट्टीत काडी पडली तर बॉयलर इन्स्पेक्टरच्या ऑफिसात मी स्वतः जाईन. उत्तमराव गाडीत बसून निघून गेले. ते वाईट माणूस नाहीत, हे मला तेव्हाही माहीत होतं. लहानपणी भिगवणच्या फलाटावर वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी हे नाक पाहिलं होतं, आणि आपल्या गावच्या मुलांना ते दाखवायचं होतं.

त्यानंतर चार दिवस आबा आले नाहीत. पाचव्या दिवशी मी पळसदेवला त्यांच्या घरी गेलो. ते रानात गेले होते. घरी सुभद्राकाकू होत्या, त्यांच्या मंडळी. डाळिंबाच्या कळ्या छाटून आलेल्या, हाताला काळे डाग पडलेले. मला पाणी दिलं आणि सरळ विचारलं, "तुमीच का ते फिटर? काय झालं त्या इंजिनाचं? ह्यांचं चार दिस झालं जेवनात ध्यान न्हाय."

मी सांगितलं. चौदा स्टेचंही आणि त्यांनी स्वतः मालकाला सांगितल्याचंही.

त्या थोडा वेळ हात पुसत राहिल्या. "माज्या बापानं डायवर म्हनून ह्यांना पोरगी दिली," त्या म्हणाल्या. "लगीन ठरलं तवा ह्यांचं नाव यादीत लागलं हुतं. पुढं जे झालं ते झालं. मी कधी एका शब्दानं बोलले न्हाय. बोलायचं कशाला? घरात काय कमी पडू दिलं न्हाय. पन ते अजून माज्या माहेरी जायचं म्हनलं की कायतरी काम काढत्यात."

मी तिथून निघालो तो याच विचारात. वाटेत एका रानात विहीर खोल करायचं काम चाललं होतं. सुरुंगाची भोकं पाडायला ट्रॅक्टरवरचा कंप्रेसर लावला होता, आणि त्याची हवा लांबलचक पाइपातून खाली विहिरीत जात होती. मी मोटरसायकल बाजूला घेतली आणि दहा मिनिटं उभा राहिलो.

वाफेचं इंजिन वाफेवर चालतं हे खरं, पण सिलिंडरमधल्या दट्ट्याला वाफ आणि हवा यांतला फरक कळत नाही. त्याला फक्त ढकलणारं कुणीतरी लागतं. बॉयलरला हातही न लावता, बॉयलरकडून येणारी वाट बंद करून, कंप्रेसरची हवा सरळ सिलिंडरकडे नेली तर? जोरात नाही चालणार. चालत्या माणसापेक्षाही हळू. पण हलेल.

योगायोग असा की त्याच दुपारी उत्तमरावांचा फोन आला. आवाज उतरलेला. पुण्याचा इंजिनिअर येऊन गेला होता. त्यानं भट्टीत बॅटरी मारून खडूच्या खुणा पाहिल्या, फुगलेल्या पत्र्यावरून बोट फिरवलं आणि चहाही न घेता म्हणाला की याला शेगडीसुद्धा दाखवू नका. "तात्या," उत्तमराव म्हणाले, "चुकलं माझं. आता काय करायचं सांगा."

मी सांगितलं. डबा नाही, मुलं नाहीत, फक्त इंजिन. सगळे पाहुणे दोरीच्या पलीकडे. दोन्ही टोकांना रुळावर लाकडी स्लीपर, रुळांखाली घालतात ते ओंडके, आडवे. ते सगळ्याला हो म्हणाले.

विहिरीच्या कामावरचे दोन कंप्रेसर मिळाले. हवा साठवायला तपासणी झालेली एक टाकी एका वर्कशॉपवाल्यानं दिली. पाइप जोडला, सिलिंडरला तेल पाजलं. हवा सोडायला मी फुटप्लेटवर, म्हणजे ड्रायव्हर उभा राहतो तिथं, एक कॉक बसवला. आबा आले, त्यांनी कॉककडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"ह्यो तर पान्याच्या टाकीचा कॉक हाय," ते म्हणाले. बाकी काही नाही. पण मला कळलं.

फिटरच्या आयुष्यात काही कामं कुणी न सांगता करायची असतात. रेग्युलेटरच्या हँडलपासून एक दांडा इंजिनाच्या अंगावरून पुढे जातो. तो मी पुढच्या बाजूनं सोडवला, कॉक तिकडे नेऊन बसवला आणि त्याचा खटका त्या दांड्याला जोडला. तीन वेळा माप चुकलं. चौथ्यांदा हँडल ओढलं की कॉक उघडला, सोडलं की बंद झाला.  आबांना मी नुसतं हँडलकडे बोट दाखवलं. त्यांनी ते एकदा ओढलं, परत ढकललं, आणि फडक्यानं पुसायला लागले. तासभर पुसत होते.

उद्घाटनाला शाळेची मुलं होती, पाहुणे होते, भाषणं झाली. आबा धुतलेला निळा शर्ट आणि पटका घालून आले होते. सुभद्राकाकू दोरीच्या पलीकडे, मुलांच्या रांगेत उभ्या होत्या, पदर घट्ट खोचून. मी टेंडरच्या हातब्रेकवर होतो. टेंडर म्हणजे मागची कोळशा-पाण्याची गाडी. कंप्रेसर सुरू झाले, टाकीचा काटा वर चढला. मी आबांच्या खांद्यावर हात ठेवला, ती आमची खूण.

त्यांनी हँडल धरलं आणि ओढलं. काही झालं नाही. हवा फुसफुसली. त्यांनी हँडल परत ढकललं, थांबले, आणि मग हळूहळू, पेंगणाऱ्या माणसाला उठवावं तसं, पुन्हा ओढलं. पायाखाली काहीतरी कण्हलं. मोठं चाक इंचभर सरकलं, मग वीतभर, आणि मग ते एवढं थोरलं नाक काठाच्या झाडांसमोरून सरकायला लागलं.

मुलं ओरडली. आबांना ते ऐकू गेलं असेल असं वाटत नाही. ते खिडकीतून डोकं बाहेर काढून पुढे पाहत होते, जिथं दोनशे मीटर रूळ आणि आडवे स्लीपर यांखेरीज काही नव्हतं. हात हँडलवर होता, आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला तो अगदी थोडा हलत होता. पाइपाची लांबी संपायच्या आत मी खूण केली. त्यांनी हँडल बंद केलं, मी ब्रेक आवळला. नंतर मी मोजलं. चाळीस पावलं.

खाली उतरायला मी हात दिला तर त्यांनी घेतला नाही. सुभद्राकाकू दोरी ओलांडून आल्या होत्या. दोघं एकमेकांसमोर उभे राहिले. "ब्येस गेली," काकू म्हणाल्या. आबा म्हणाले, "सुरवातीला जरा अडली." बास, एवढंच.

इंजिनाचं पुढचं थोडक्यात सांगतो. उत्तमरावांनी चौदाच्या ऐवजी त्या बाजूचे सगळे स्टे बदलायचं ठरवलं. फुगलेला पत्रा कापून नवा बसवायचा आहे, त्यानंतर पाण्याच्या दाबाची चाचणी, मग इन्स्पेक्टर. काम सावकाश चाललंय आणि मला घाई नाही. बुजवलेली भोकं मी स्वतः, एकेक करून, तारेनं मोकळी केली. मुलं येतात, गार इंजिनावर चढतात, आबा त्यांना हँडल ओढू देतात आणि नीट धरलं नाही तर ओरडतात. बबनला मी या वर्षी हे इंजिन दाखवायला घेऊन आलो होतो. त्यानं एका डोळ्यानं सगळं पाहिलं आणि मला म्हणाला, "ह्या खेपेला बोललास, बरं झालं." पस्तीस वर्षांत त्या विषयावर त्यानं काढलेला हा पहिला शब्द. 

पण त्या उद्घाटनाच्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. कुठलंही यंत्र चालवून पाहिलं की त्याची नोंद ठेवायची, ही माझी सवय. पाहुणे जेवायला गेले तेव्हा मी चाचणीचा कागद काढला. यंत्र, जागा, किती चाललं, काय दोष आढळला, सगळं भरलं. 'चालक' हा रकाना मोकळा ठेवून कागद आबांपुढे केला.

त्यांनी चष्मा पुसला. कागद इंजिनाच्या पायरीवर ठेवून, एकेक अक्षर जुळवत नाव लिहिलं. आणि नावापुढे, बारा वर्षं लिहीत आले होते तसं, लिहिलं: फायरमन.

लिहून झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. ते कागदाकडे पाहत राहिले. काकू शेजारी उभ्या होत्या. त्यांना वाचता येत नाही. "काय लिव्हलंत?" त्यांनी विचारलं.

 आबांनी पेन घेतलं आणि त्या शब्दावर एक सरळ आडवी रेघ ओढली.

"आज जाळच न्हवता," ते म्हणाले. "जाळ न्हाय तर फायरमन कशाचा?"

आणि रेघेच्या वर, ठळक अक्षरात, नवा शब्द लिहिला. शब्द त्यांनी 'डायवर' असा लिहिला. आयुष्यभर मी दुसऱ्यांची कामं दुरुस्त करत आलो. तो कागद मी तसाच फायलीला लावला.